साखरेची फुले आणि ओलाव्याचा हिशोब

केकवरची साखरेची फुले पाहिली की बघणारे करणाऱ्याच्या हाताचे कौतुक करतात. हात लागतोच, परंतु या कामात हाताचा वाटा लोकांना वाटतो त्याहून कमी आणि पाण्याचा वाटा त्याहून बराच जास्त आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. पेस्टमध्ये ओलावा किती आहे, तो किती वेगाने उडतो आहे, आजूबाजूच्या हवेत किती आहे आणि केकवर ठेवल्यावर आयसिंगमधून किती परत शिरणार आहे, हे ज्याला कळले त्याची पाकळी तडकत नाही, लोळण घेत नाही आणि ऐन वेळी मानही टाकत नाही. साचे, कटर आणि चकचकीत अवजारे या हिशोबापुढे दुय्यम आहेत.

सुरुवात पेस्टपासूनच करावी लागते, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. केक झाकण्यासाठी जो फॉन्डंट, म्हणजे लाटता येणारा साखरेचा गोळा, वापरतात तो मऊ राहावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. त्यातले ग्लुकोज आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतात, म्हणून केकवरचा थर सुरीखाली फुटत नाही, नीट कापला जातो. फुलाच्या बाबतीत मात्र हाच गुण मुळावर येतो. नुसत्या फॉन्डंटची पाकळी फार पातळ लाटता येत नाही, लाटली तर उचलताना फाटते, आणि दुसऱ्या दिवशीही बोट लावले की वाकते. फुलांना गम पेस्ट लागते. तिच्यात साखर तीच असते, पण जोडीला डिंक असतो. डिंक पाणी शोषून फुगतो, त्याचे लांबच लांब रेणू साखरेच्या कणांभोवती जाळे धरतात आणि त्यामुळे पेस्ट ताणली तरी तुटत नाही. पुढे पाणी उडून गेले की तेच जाळे आवळले जाते आणि पाकळी इतकी टणक होते की दोन पाकळ्या एकमेकींवर आपटल्या तर किणकिण आवाज येतो.

हा डिंक पूर्वापार ट्रॅगाकॅन्थ असे. ॲस्ट्रॅगॅलस प्रजातीतल्या काटेरी झुडपांच्या मुळांना आणि खोडांना चिरा पाडल्यावर जो चीक पाझरतो, तो वाळवून ट्रॅगाकॅन्थ मिळतो. इराण आणि तुर्कस्तानचे कोरडे डोंगर हे त्याचे जुने माहेर. साखरेशी त्याची जोडी फार जुनी आहे. १५५५ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका कृतिसंग्रहात गुलाबपाण्यात भिजवलेला ट्रॅगाकॅन्थ, लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा भाग आणि बारीक साखर एकत्र खलून त्यापासून ताटे, पेले आणि फळे घडवण्याची कृती दिलेली आहे, आणि जेवण आटोपल्यावर पाहुण्यांनी ती भांडीच मोडून खावीत अशी त्यामागची गंमत आहे. आजच्या गम पेस्टची कृती तिच्याशेजारी ठेवली तर साडेचारशेहून अधिक वर्षांत सामग्रीत फारसा फरक पडलेला नाही असे दिसते. बदलला तो मुख्यतः डिंक. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅगाकॅन्थऐवजी टायलोज पावडर म्हणजेच सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) वापरतात, जी वनस्पतींच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून बनवलेली असते. पाकिटावर ई ४६६ असे लिहिलेले असेल तर ती सीएमसी आणि ई ४१३ असेल तर ट्रॅगाकॅन्थ. ट्रॅगाकॅन्थची पेस्ट किंचित पिवळसर असते, तिला मुरायला वेळ लागतो, पण ती ताणायला फार सुरेख असते. टायलोजची पेस्ट पांढरीशुभ्र होते, लवकर वाळते आणि दमट हवेत जास्त तग धरते. मी टायलोजच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण हवा हेच आहे.

मी जी कृती वापरते ती या क्षेत्रात सर्वत्र प्रचलित आहे: अंड्याचा पांढरा भाग १२५ ग्रॅम, आयसिंग शुगर (बाजारात मिळणारी अतिशय बारीक साखर) ९०० ग्रॅम, टायलोज पावडर १२ सपाट छोटे चमचे आणि पांढरे शॉर्टनिंग (वनस्पती तुपासारखी घट्ट चरबी) ४ छोटे चमचे. साखरेतली थोडी बाजूला ठेवून बाकीची अंड्याच्या पांढऱ्या भागात मिक्सरवर फेटायची. मऊसर शिखरे उभी राहू लागली की यंत्र मंद करून टायलोज भुरभुरवायची. पुढच्या काही सेकंदांत मिश्रण डोळ्यांदेखत घट्ट होते, कारण टायलोज मिळेल ते पाणी झपाट्याने ओढून घेते. एकाच जागी सगळी पावडर ओतली तर मात्र वरचा थर लगेच फुगून आतल्या पावडरीपर्यंत पाणी पोचू देत नाही आणि गाठी राहतात. मग बाजूला ठेवलेल्या साखरेवर गोळा काढून, हाताला शॉर्टनिंग लावून मळायचा, हवाबंद पिशवीत घालायचा आणि २४ तास फ्रिजमध्ये मुरू द्यायचा. हा एक दिवस कुणी वाचवू पाहू नये. मुरण्यापूर्वीची पेस्ट दिसायला तयार दिसते, पण लाटताना मागे सरकते आणि कडेला चिरते, कारण डिंकात पाणी अजून सर्वत्र सारखे पसरलेले नसते. फुले खाल्ली जाणार असतील तर कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज केलेला पांढरा भाग किंवा त्याची भुकटी वापरावी. अंडे अजिबात नको असेल तर तयार फॉन्डंटच्या २५० ग्रॅमला एक छोटा चमचा टायलोज मळून काही तास झाकून ठेवली तरी काम भागते. अशी पेस्ट सावकाश वाळते आणि फार पातळ लाटता येत नाही, पण कपकेकवरच्या लहान फुलांना तेवढी पुरते. शाकाहारी खाणाऱ्यांसाठी मात्र फॉन्डंटच्या डब्यावर जिलेटिन लिहिले आहे का, ते आधी वाचून घ्यावे.

साखरेच्या बाबतीत तडजोड करू नये. घरी मिक्सरवर दळलेली पिठीसाखर कितीही वस्त्रगाळ केली तरी तिचे काही कण मोठे राहतात, आणि पाकळी एक मिलिमीटरच्या खाली गेली की असा प्रत्येक कण लाटण्याखाली ओढला जाऊन ओरखडा तरी पाडतो किंवा भोक तरी.

मुरलेली पेस्ट फ्रिजमधून काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि कणभर शॉर्टनिंग लावून मळावी. तयार पेस्टची परीक्षा सोपी आहे: लहान गोळी दोन्ही हातांनी झटकन ओढली तर ती टक् आवाज करून सरळ तुटली पाहिजे. लोंबत ताणली गेली तर पाणी जास्त आहे, भुगा होऊन तुटली तर कमी. इथेच एक बारकावा सांगते, जो शिकवताना बहुधा सुटतो. ओट्यावर पेस्ट चिकटू नये म्हणून कुणी शॉर्टनिंगचा हात फिरवतात, कुणी कॉर्नफ्लोर भुरभुरवतात, आणि दोन्ही एकच काम करतात असे समजले जाते. तसे नाही. शॉर्टनिंग ओलावा आत कोंडते आणि कॉर्नफ्लोर तो बाहेर ओढते. म्हणून लाटताना शॉर्टनिंग आणि पाकळी कापून झाल्यावर, व्हेनरमध्ये, म्हणजे शिरा उमटवायच्या साच्यात, दाबण्यापूर्वी कॉर्नफ्लोरचा हलका हात, हा क्रम मला योग्य वाटतो. कोरड्या हवेच्या दिवशी तर लाटताना कॉर्नफ्लोरला हातच लावू नये. उरलेली पेस्ट क्षणभरही उघडी राहता कामा नये. कापलेल्या पाकळ्यासुद्धा प्लास्टिकच्या जाड कागदाखाली झाकून एकेक बाहेर काढावी.

आता कडेविषयी, कारण फूल खरे वाटते की खोटे हे माझ्या मते कडेवरच ठरते. रंग चुकला तरी लोक तो फुलाचा वेगळा वाण समजतील, पण जाड कड कुणालाही फसवत नाही. पेस्ट इतकी पातळ लाटावी की खाली छापील कागद धरला तर अक्षरे पुसट दिसावीत. तरीही कटरने कापल्यावर तिची कड उभी आणि चौकोनीच राहते, आणि डोळ्याला आधी तीच दिसते. पाकळी फोमच्या पॅडवर ठेवून बॉल टूलचा (टोकाला गुळगुळीत गोळा असलेल्या दांडीचा) गोळा अर्धा पाकळीवर आणि अर्धा फोमवर राहील असा धरायचा आणि कडेकडेने फिरवत जायचे. गोळा पूर्ण पाकळीवर आला तर मध्यभाग पातळ होतो आणि कड तशीच राहते. पूर्ण बाहेर गेला तर काहीच होत नाही. दाब हलका असेल तर कड नुसती पातळ होते. दाब वाढवून तोच गोळा पुन्हा फिरवला की कड लांब होते, पण पाकळीचा मध्य होता तेवढाच असतो. वाढलेल्या लांबीला जायला जागा नसल्यामुळे कडेला आपोआप लाटा येतात. खऱ्या फुलातही लाटा याच कारणाने येतात, कड मध्यापेक्षा जास्त वाढते म्हणून. त्यामुळे बॉल टूलने आलेली लाट पटते आणि बोटांनी चिमटे काढून आणलेली लाट पटत नाही. हे सारे करायला वेळ फार थोडा असतो. पातळ कड सर्वांत आधी सुकते, आणि सुकलेल्या कडेवर गोळा फिरवला तर ती लाटांऐवजी दातांसारखी चिरते. अशा वेळी पाकळी परत मळण्यात अर्थ नसतो, ती बाजूला टाकावी. वाळलेले कण ताज्या गोळ्यात मिसळले तर पुढची प्रत्येक पाकळी बिघडते.

शिरा उमटवण्यासाठी सिलिकोनचे दुहेरी व्हेनर मिळतात आणि ते उत्तम असतात. नसतील तर मक्याच्या कणसाचे वाळलेले साल चालते. त्याहून अधिक यावर लिहिण्याजोगे काही नाही.

गुलाब मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण वाळण्याच्या वेगवेगळ्या अवस्था एकाच फुलात कशा लागतात हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे कुठलेच फूल दाखवत नाही. १८ किंवा २० गेजच्या तारेचे टोक आकड्यासारखे वळवून, त्याला खाद्य ग्लू लावून त्यावर पेस्टचा निमुळता शंकू बसवायचा. तारेच्या गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे नवख्या माणसाला नेहमी उलटे वाटते; ३० गेजची तार मोगऱ्याच्या कळीसाठी आणि १८ गेजची गुलाबाच्या देठासाठी. शंकूची उंची पाकळीच्या उंचीहून थोडी कमी ठेवावी, नाहीतर फुलाच्या मधोमध त्याचे टोक डोके वर काढते. हा शंकू किमान एक रात्र, जमल्यास दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल्या शंकूवर पाकळ्यांचे वजन पडले की तो तारेवरून खाली सरकतो.

पहिली पाकळी शंकूभोवती घट्ट गुंडाळून टोक पूर्ण झाकायचे. तिच्यानंतर तीन पाकळ्या, प्रत्येकीची एक कड आधीच्या पाकळीखाली सरकवून, फिरत्या क्रमाने. या आतल्या पाकळ्या अगदी ताज्या आणि ओलसर हव्यात, कारण त्यांना अंगाबरोबर बसायचे असते. थोड्याही वाळलेल्या असल्या तर त्या वळणावर मोडतात. एवढे झाले की फूल उलटे टांगून काही तास सुकू द्यावे. बाहेरच्या पाच पाकळ्यांचे गणित नेमके उलट असते. त्यांना स्वतःचा बाक घेऊन उभे राहायचे असते, म्हणून कड पातळ करून, टूथपिकवर ती किंचित बाहेर वळवून, त्या पाकळ्या चमच्याच्या खोलगट भागात वीस-पंचवीस मिनिटे ठेवाव्यात आणि कोरड्या चामड्यासारख्या झाल्या, म्हणजे आकार धरून आहेत पण दाबल्या तर अजून थोड्या वाकतात, की लगेच चिकटवाव्यात. हवा दमट असेल तर याच अवस्थेला यायला तास लागतो, पंख्याखाली दहा मिनिटांत येते. म्हणून घड्याळावर विसंबू नये, बोटाने पाहावे. ग्लू म्हणजे पाव छोटा चमचा टायलोज दोन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून झालेला पारदर्शक चिकटा. तो पाकळीच्या तळाशी ब्रशने नुसता लावायचा. जास्त लावला तर पाकळी घसरते, आणि ग्लूमधले पाणी वाळत आलेल्या साखरेला परत मऊ करते, ते वेगळेच.

मग गुलाबाची हिरवी निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानासारखी दले. बहुतेक कटर पाचही निदले सारखी कापतात आणि बहुतेक लोक ती तशीच लावतात. खरा गुलाब, विशेषतः रानगुलाब, उलटा करून पाहिला तर पाचांपैकी दोन निदलांच्या दोन्ही कडांना बारीक झालरी असतात, दोघांच्या कडा साध्या असतात आणि उरलेल्या एकाला एकाच बाजूला झालर असते. कळी मिटलेली असताना जी कड दुसऱ्या निदलाखाली झाकलेली असते तिला झालर येत नाही, उघड्या कडेला येते. पाचांची मांडणीच अशी असते की हिशोब दोन, दोन आणि एक असाच निघतो. बारीक कात्रीने त्या त्या कडेला तिरक्या चिरा दिल्या की हे साधते, आणि निदलाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा फिकट ठेवली की देठाकडून पाहिलेला गुलाबही पटतो. केकवर फुले आडवी-तिरपी लावली जातात, त्यामुळे ही बाजू दिसतेच.

याच कारणाने माझा आग्रह असतो की कटर घेण्यापूर्वी खरे फूल घेऊन ते एकेक पाकळी सोडवून पाहावे. लिलीच्या सहा पाकळ्या दिसतात, पण त्या तीन-तीनच्या दोन फेऱ्या असतात. बाहेरच्या तीन अरुंद आणि आतल्या तीन रुंद, आणि पुंकेसर सहा. हायड्रेंजियाच्या गुच्छातल्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती चार निदले असतात, म्हणून त्यांच्या शिरा पानासारख्या ठळक उमटवल्या तर त्या बरोबर दिसतात. चाफ्याच्या पाच पाकळ्या एकाच दिशेने एकीवर एक चढलेल्या असतात. एक जरी उलटी लागली तरी बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फूल खटकते.

रंगाच्या बाबतीत सर्वसाधारण चूक एकच दिसते, ती म्हणजे हवा असलेला रंग थेट पेस्टमध्येच मिसळणे. गडद लाल गुलाबासाठी पेस्टमध्ये लाल जेल रंग ओतत राहिले की त्या रंगाबरोबर पाणी आणि ग्लिसरीनही आत जाते, पेस्ट चिकट होते आणि तिची वाळण्याची क्षमताच जाते. पेस्ट मध्यम गुलाबी ठेवावी आणि वाळल्यावर कोरड्या रंगाची भुकटी, म्हणजे पेटल डस्ट, ब्रशने चढवावी. कोरडा रंग साखरेवर पाणी न नेता बसतो, आणि थरावर थर देता येतात. सपाट, मऊ ब्रश भुकटीत बुडवून टिश्यूवर झटकायचा आणि पाकळीच्या कडेकडून आत, तसेच तळाकडून वर, अशा दोन्ही बाजूंनी रंग आणायचा. मधला भाग मोकळा राहिला की तिथे उजेड पडल्याचा भास होतो. गुलाबाच्या अगदी तळाशी फिकट पिवळसर हिरव्याचा स्पर्श दिला तर पाकळी देठातून उगवल्यासारखी दिसते. रंग फार गडद वाटला तर भुकटीत कॉर्नफ्लोर मिसळून तो उतरवता येतो, पण एकदा पाकळीवर चढलेला रंग उतरवता येत नाही. ठिपके किंवा बारीक रेषा ओढायच्या असतील तर भुकटी पाण्यात न कालवता व्होडकासारख्या तीव्र अल्कोहोलमध्ये कालवावी. ते साखरेला फारसे विरघळवत नाही आणि पाण्यापेक्षा लवकर उडून जाते.

भुकटी लावलेले फूल कोरडे आणि धुळकट दिसते आणि हात लावला तर रंग बोटाला येतो. इथे प्रथमच पाण्याला मुद्दाम बोलवायचे असते. किटलीच्या वाफेत, तोंडापासून वीतभर अंतरावर, फूल दोन-तीन सेकंद फिरवून बाहेर काढले की वरचा सूक्ष्म थर विरघळून पुन्हा जमतो, रंग बसतो आणि पाकळीला जिवंत तुकतुकी येते. चौथ्या-पाचव्या सेकंदाला ती तुकतुकी चमक होते आणि त्यापुढे थेंब. हातातले फूल ओले चमकू लागण्याआधीच बाजूला घ्यावे. पानांना जास्त चकाकी चालते. त्यांच्यावर खाद्य शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) पातळ हात दिला तर तो ओलाव्यालाही थोडा अटकाव करतो.

भुकटीच्या डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ती वापरू नये, आणि या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. खाण्यायोग्य भुकटीवर तसे स्पष्ट लिहिलेले असते आणि घटकांची यादी असते. अमेरिकेत २०१८ साली ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाल्ल्यावर सहा मुलांना उलट्या आणि जुलाब झाले, तेव्हा त्यावरच्या सोनेरी भुकटीत तांब्याचे प्रमाण फार मोठे आढळले. २०१९ साली मिझुरी राज्यात एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसे वाढलेले दिसले, आणि शोध घेतल्यावर वाढदिवसाच्या केकच्या सजावटीला वापरलेल्या एका फिकट पिवळ्या भुकटीत २५ टक्के शिसे निघाले. सोनेरी-रुपेरी चमक फुलांना मुळातच शोभत नाही असे माझे मत आहे, त्यामुळे मला तिचा मोह कधी पडला नाही. पण साध्या मॅट रंगांतही हा धोका असतो, हे मिझुरीच्या प्रकरणातून दिसते.

कपकेकची फुले हे वेगळेच प्रकरण आहे. कपकेकचा माथा साधारण ६ ते ७ सेंटिमीटर रुंद असतो, तो हातात धरून थेट तोंडाला लावला जातो, आणि खाणारे अनेकदा लहान मूल असते. म्हणून त्यावर तार, तिच्यावर गुंडाळायची फ्लोरल टेप किंवा बाजारातले दोऱ्याचे तयार पुंकेसर यांपैकी काहीही असू नये. जे दिसते ते सगळे खाता आले पाहिजे. चार सेंटिमीटरपर्यंतचे, तारेविना केलेले पाच पाकळ्यांचे फूल, लहान वाटीच्या आकारात वाळवलेले आणि मध्ये रॉयल आयसिंगचे (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेल्या, कडक वाळणाऱ्या आयसिंगचे) चार-पाच ठिपके घातलेले, हे कपकेकला पुरेसे असते. पाकळ्या इथे केकवरच्या फुलांइतक्या पातळ करू नयेत, कारण फूल दाताखाली काचेसारखे फुटू लागले तर ते कुणाला आवडत नाही. टायलोज मिसळलेला फॉन्डंट इथे गम पेस्टपेक्षा बरा, हे मी त्याचसाठी म्हटले. पूर्ण उमललेला मोठा गुलाब कपकेकवर ठेवण्याची हौस अनेकांना असते. तो उचलला की कपकेक पालथा होतो.

फूल तयार झाल्यावरही पाणी पाठ सोडत नाही. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की शुद्ध साखर हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि ग्लुकोज मिसळलेली साखर त्याही आधी. वाळलेली फुले सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, अंधारात ठेवावीत. अंधार यासाठी की गुलाबी आणि जांभळे रंग उजेडात फार लवकर उडतात. मात्र डबा बंद करण्यापूर्वी फूल गाभ्यापर्यंत वाळले आहे याची खात्री हवी, नाहीतर आतला ओलावा डब्यातच कोंडून पाकळ्या मऊ करतो. अशी फुले महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून मोठ्या केकची फुले आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. दहा टक्के तरी जास्त करावीत. पाकळ्या नेमक्या नेताना मोडतात.

फ्रिज हा साखरेच्या फुलांचा उघड शत्रू आहे, आणि तो फ्रिजच्या आत असताना नव्हे तर बाहेर काढल्यावर समजतो. थंडगार फुलावर खोलीतल्या हवेतले बाष्प दवासारखे साचते, पाकळ्या चमकू लागतात, रंग ओघळतो आणि पातळ कडा खाली झुकतात. म्हणून व्हिप्ड क्रीमसारख्या ज्या केकला फ्रिजमध्ये ठेवावेच लागते त्यावर फुले फार उशिरा, केक बाहेर काढून वरचा ओलावा उडून गेल्यावर लावावीत. बटरक्रीममध्येही पाणी आणि चरबी असतेच. त्यावर फूल थेट टेकवण्याऐवजी फुलाच्या तळाला वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा थर देऊन तो गोठू द्यावा, म्हणजे ओलावा वर चढत नाही. फॉन्डंटने झाकलेला केक या दृष्टीने सर्वांत सोयीचा, कारण तो थंड ठेवण्याची गरज बहुधा नसते आणि त्याचा पृष्ठभाग कोरडा असतो.

तारेची फुले केकमध्ये थेट खुपसू नयेत. टेपमधून आणि तारेच्या कागदी वेष्टनातून धातू व रंग केकमध्ये उतरू शकतात, आणि केकमधला ओलावा तारेवरून वर चढून देठाजवळची साखर मऊ करतो. त्यासाठी पोकळ प्लास्टिकचे पोझी पिक, म्हणजे केकमध्ये रोवून आत देठ ठेवायच्या लहान नळ्या, मिळतात. लहान गुच्छाला खालून बंद केलेली जाड स्ट्रॉही चालते. तिच्यात थोडी गम पेस्ट भरून गुच्छाचे देठ तिच्यात रोवले की फुले हलत नाहीत. प्रत्येक पिकचे तोंड केकच्या पृष्ठभागाच्या किंचित वर राहिले पाहिजे, म्हणजे कापताना ते दिसते. केक देताना मी बरोबर एक चिठ्ठी देते. तिच्यावर एकूण किती पिक आहेत, कोणत्या मजल्यावर कोणत्या बाजूला आहेत, आणि कोणती फुले खाता येतात व कोणती केवळ सजावटीची आहेत, एवढे लिहिलेले असते. कापणाऱ्याने आधी ते पिक मोजून बाहेर काढावेत आणि मगच सुरी लावावी.